ओल्या काजूच्या बारीत धाकू शाहीर

पडदा वर जातो तेव्हा संध्याकाळचे पावणेसहा झालेत. डिसेंबर महिना. रत्नागिरीत, मांडवीच्या अलीकडचं एक लॉन. समुद्र दिसत नाही, पण माडांच्या मागून त्याचा खारा वारा येतोय. समोर लोखंडी पाइपांचं स्टेज. दोन्ही अंगांना माणसाच्या दीडपट उंचीचे स्पीकर, मधोमध ड्रमचा संच, मागच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, 'ओला काजू'. एका कोपऱ्यात वडापाव आणि कोकम सोड्याचं टेबल. पुढच्या मोकळ्या जागेत कॉलेजातली पोरं-पोरी उभी. मागे आमच्यासारख्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या. त्यातल्या शेवटून दुसऱ्या रांगेत तीन पात्रं बसली आहेत. डावीकडे मी. उजवीकडे मालनवहिनी, ठेवणीतल्या हिरव्या साडीत, केसांत अबोली. आणि आमच्या मधे, खुर्चीला पाठ न टेकता, शाहीर धाकू सनगरे.

"आप्पा," धाकू माझ्या कानाशी लागला, "ओला काजू म्हंजे काय?"

"बँडचं नाव आहे."

"डिसेंबरात ओला काजू? फाल्गुन तरी लागूदे." त्यानं पडद्यावरची अक्षरं पुन्हा एकदा वाचली. "कायतरी गफलत हाय."

धाकूला सगळ्यातच गफलत दिसते. तो दोष त्याचा एकट्याचा नाही, निम्मा त्याच्या नोकरीचा आहे. पस्तीस हंगाम तो आंब्याच्या कॅनिंग फॅक्टरीत पारखणीला होता. पेट्या उघडायच्या, फळ हातात घ्यायचं, देठाशी हुंगायचं आणि ठरवायचं. हापूसमध्ये साका नावाचा एक रोग असतो. वरून फळ सोन्यासारखं, साल तुकतुकीत, वास घमघमीत. कापलं की आत पांढरा, भुसभुशीत, आंबट गोळा. बाहेरून तो कुणाला ओळखता येत नाही म्हणतात. धाकू ओळखायचा, निदान तो तसं सांगायचा, आणि दहातल्या सात वेळा ते खरं निघायचं. जन्मभर ज्यानं सोन्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूंत सडका गोळा शोधला, तो माणूस मासळीबाजारात सुरमईचे कल्ले तीन वेळा उघडून बघणार, शहाळेवाल्याला "आधी तू एक घोट घे" म्हणणार आणि डॉक्टरनं "सगळं छान आहे" सांगितलं की दुसऱ्या डॉक्टरकडे जाणार, यात नवल काय?

पण धाकूची खरी ओळख आंब्याची नाही. धाकू जाखडीतला शाहीर. ज्यांनी जाखडी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. गोल रिंगण करून गडी नाचतात, पायात घुंगरू, मधे ढोलकी, झांज आणि शाहीर. दोन पक्ष असतात. शक्तीवाले म्हणतात पार्वती थोर, तुरेवाले म्हणतात शंकर थोर. आधी गण, मग गौळण, मग एका पक्षानं गाण्यातून सवाल टाकायचा आणि दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा. या सामन्याला बारी म्हणतात. जवाब सुचला नाही आणि गप्प बसलात, की हरलात. धाकू शक्तीवाला. नाटकात तोंडाला रंग लावण्याआधी सात वर्षं मी त्याच्या रिंगणात नाचलो. आमच्या नाटकवाल्यांकडे लेखकाचं लिहिलेलं असतं, दिग्दर्शकाचं बसवलेलं असतं, विंगेतून प्रॉम्प्टर असतो. शाहिराला यातलं काहीच नसतं. हजार माणसांसमोर समोरचा सवाल टाकतो, ढोलकीचा एक तोडा वाजेपर्यंत वेळ असतो, तेवढ्यात यमकासकट उत्तर हवं. मी पुढे मोठमोठे नट पाहिले, त्यांच्याबरोबर उभा राहिलो. धाकूइतक्या चपळ डोक्याचा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

आणि याच धाकूचं लग्न झालं तुरेवाल्यांच्या घरात. मालनवहिनी म्हणजे भुवडांची लेक. तिचा थोरला भाऊ बाबल्या भुवड हा तुऱ्याचा शाहीर. लग्नात वरमाला पडायच्या आधी दोन्हीकडच्यांनी एकमेकांवर चार-चार ओळी टाकल्या होत्या. तेव्हा सगळे हसले होते.

पस्तीस वर्षांपूर्वी सावर्ड्याला बारी ठरली. एकीकडे धाकू, दुसरीकडे त्याचा मेव्हणा बाबल्या. धाकूनं महिनाभर आधीपासून एक सवाल तयार केला होता. पोथ्यापुराणांतला नव्हे, स्वतःच्या डोक्यातला. म्हणजे पाठ केलेला जवाब कुणाकडे असणंच शक्य नव्हतं. आमच्यात रिवाज असा, की बारीचा सवाल शाहीर कुणाला सांगत नाही. नाचणाऱ्या गड्यांनासुद्धा तो त्या दिवशी संध्याकाळी कळतो. मलाही तेव्हाच कळला.

*कैलासीच्या घराला रे दारं सांग किती?*
*रात होता कडी लावी कोण्या हाती, कोण्या हाती?*

साधा वाटतो, पण पेच बघा. एक दार म्हणा, दोन म्हणा, कडी लावणारी पार्वतीच. घर तिचं, म्हणजे मोठी ती. आमच्या रिंगणाला चेव आला होता. धाकूनं सवाल टाकला, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि ढोलकीचा तोडा अर्धाही झाला नव्हता तोच बाबल्या उभा राहिला.

*राख लावी अंगाला जो, त्याला कसली भीती?*
*दारच नव्हतं घराला त्या, कडी कुठं होती?*

सावर्ड्याची पेठ उसळली. जिंकल्याचा नारळ तुऱ्याला गेला. परतीच्या टेम्पोतून मांडवीला उतरल्यावर धाकूनं मला बाजूला घेतलं.

"आप्पा, बाबल्याला 'आई'ला यमक जुळवायला दोन दिवस लागतात. ह्यो जवाब त्याच्याकडे तयार व्हता."

"सुचला असेल रे."

"तयार व्हता. सवाल फुटलाय." मग म्हणाला, "मी तो एकदाच मोठ्यानं म्हटला. घरात. ती भात वाढत व्हती. आणि आठवड्यानं ती पूजेला माहेरी गेली."

इथून पुढे त्या घरात काय झालं ते मी शेजारून बघितलेलं आहे. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. धाकूनं तिला विचारलंच नाही. त्यानं ट्रंकेला कुलूप घातलं आणि वही त्यात ठेवली. पुढं दोन वर्षं त्यानं गाणी रचली ती फॅक्टरीच्या गच्चीवर, रिकाम्या पेट्यांच्या आडोशाला. मग घसा गेला असं सांगून शाहिरीच सोडली. घसा गेला नव्हता. आणि वहिनीला तो माहेरी एकटीला जाऊ देईना. दोघं सकाळी जायची, संध्याकाळी परत. पस्तीस वर्षांत ती माउली माहेरी एक रात्र राहिलेली नाही. बाबल्या वारला तेव्हासुद्धा धाकू अंगणात उभा राहून घड्याळ बघत होता. मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, एकदा सरळ विचारून मोकळा हो." तर म्हणाला, "विचारलं आणि ती नाय म्हणाली, तर मना खरं वाटणार नाय. व्हय म्हणाली, तर मी काय करू?"

मी वहिनीला विचारू शकलो असतो. नाही विचारलं. दुसऱ्याच्या संसारात शिरायला विंग कुठून ते मला कधी कळलं नाही.

तर हा असा माणूस गेल्या महिन्यात सकाळी सातला माझ्या पडवीत येऊन बसला. चहा समोर ठेवला, त्यानं कपाला हात लावला नाही.

"तिचं कायतरी चाललंय."

"कुणाचं?"

"मालनचं. फोनवर बोलत असते. चार दिवस झाले. मी आत गेलो की बंद. काल मी भिंतीआड उभा राहिलो. 'सावर्डा' म्हणाली. 'वही' म्हणाली. मग म्हणाली, 'त्यांना आत्ताच नको सांगूस.' मी आत गेलो. कोण व्हतं विचारलं. तर म्हणते, राँग नंबर."

"असेल राँग नंबर."

"पंचवीस मिनटं? राँग नंबरला तिनं जेवलीस काय म्हणून विचारलंन!"

दोन दिवसांनी उलगडा झाला, निदान अर्धा. वहिनीनं तीन पास पुढे ठेवले. बाबल्याची नात सानवी, मुंबईला असते, तिचा गाण्याचा बँड आहे, तो रत्नागिरीत येतोय. पोरीनं आग्रहानं पास पाठवलेत. "तुमी येवा, आपण दोघं जाऊ. भावजींना पण घेऊ."

धाकूनं पास उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला. रात्री पुन्हा माझ्याकडे आला. त्याचं सगळं गणित मांडून झालं होतं. बाबल्याची वही त्या पोरीकडे आहे. वहीत सावर्ड्याची बारी आहे. ती पोर आता माइकवर, आख्ख्या रत्नागिरीसमोर, धाकू सनगरे कसा हरला ते गाणार. आणि मालनला हे ठाऊक आहे.

"मग जाऊ नकोस," मी म्हटलं.

"जाणार. पस्तीस वर्षं मना नक्की कळलेलं नाय. तिचं तोंड बघायचंय मना, तो सवाल ऐकताना. तोंडावर दिसतं." मग माझ्या झब्ब्याची बाही धरून म्हणाला, "तू ये. साक्षीला."

म्हणून आम्ही त्या खुर्च्यांवर होतो.

स्टेजवर कुणीतरी माइक ठोकून "चेक, चेक" म्हणालं. धाकू सावध झाला. "काय तपासतायत?"

"आवाज."

"म्हंजे बिघाड हाय."

सहाला पाच कमी असताना दिवे बदलले आणि चौघं वर आली. मधे सानवी. कानापर्यंत कापलेले केस, गुडघ्यावर फाटलेली जीन्स, गळ्यात गिटार आणि चेहऱ्यावर ते भुवडांचं धारदार नाक. ड्रमवर सुजय नावाचा दाढीवाला तरुण. पहिला ठोका पडला आणि माझ्या खुर्चीचे पाय थरथरले.

"आप्पा!" धाकूनं छातीवर हात ठेवला. "माझ्या छातीत कायतरी होतंय."

"तो स्पीकरचा बास आहे. सगळ्यांच्याच होतंय."

"माझ्या छातीत त्यांचं काय काम?"

पहिली गाणी मुंबईच्या भाड्याच्या खोलीची, उशिरा येणाऱ्या पगाराची, गावाला जायच्या राहून गेलेल्या बेताची. शब्द चांगले होते. मला आवडली. इतकी वर्षं रंगमंचावर काढल्यावर एक गोष्ट लगेच कळते, ती म्हणजे समोरचा माणूस खोटं गातोय की खरं. पोरगी खरं गात होती. पुढची पोरं हात वर करून उड्या मारत होती आणि निम्म्यांच्या हातात मोबाइल होते.

"बघ," धाकू म्हणाला, "भर दिवसाउजेडी सगळी चोरतायत आणि कोण काय बोलत नाय!"

"अवो, गप बसून ऐका जरा," वहिनी म्हणाली.

"ऐकतोय. तेच करतोय." आणि त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तो स्टेजकडे फारसा बघतच नव्हता. दर दोन मिनिटांनी त्याची नजर उजवीकडे जायची. वहिनी ताठ बसली होती, पदराचं टोक मुठीत. तिच्या चपलेचा अंगठा गवतावर ठेका धरत होता. धाकूच्या ते लक्षात आलं, माझ्याही आलं. मग माझ्या लक्षात आलं की धाकूचा स्वतःचा पायही तोच ठेका धरतोय.

"ढोलवाल्याचा हात बरा हाय," तो नाइलाजानं म्हणाला.

पाचवं की सहावं गाणं संपलं. सानवीनं पाण्याचा घोट घेतला आणि ती माइकजवळ आली.

"आता जे गाणं आहे ते माझ्या आजोबांच्या वहीतलं. ते तुरेवाले शाहीर होते. सावर्ड्याच्या एका बारीतला हा सवाल आहे. ज्यांनी तो रचला ते आज इथे बसलेत."

धाकूची बोटं माझ्या मनगटात रुतली. "बघ. बघ. सांगितलं व्हतं का नाय?"

गिटार एकटीच वाजू लागली, अगदी हळू. मग तिनं तो सवाल घेतला. *कैलासीच्या घराला रे दारं सांग किती...* चाल जाखडीचीच, पण लांबवलेली, समुद्रावरून आल्यासारखी. दुसऱ्यांदा घेतला तेव्हा ड्रम आले. तिसऱ्यांदा पुढची सगळी पोरं म्हणू लागली. दोनेकशे माणसं धाकूचे शब्द गात होती. धाकू ते ऐकत नव्हता. तो वहिनीचं तोंड बघत होता. आणि वहिनीचे डोळे भरले होते, ओठ हलत होते. तिला एकेक अक्षर पाठ होतं.

धाकूला हवा होता तो पुरावा मिळाला, असं मला त्या क्षणी वाटलं.

तेवढ्यात सानवीनं बँडवाले करतात तसं केलं. वाद्यं थांबवली, माइक लोकांसमोर धरला आणि ओरडली, "रत्नागिरी, जवाब येतोय का?"

पोरं नुसती ओरडली. त्यांना ठाऊक होतं की असं ओरडायचंच असतं. पण ज्यानं आयुष्याची वीस वर्षं बाऱ्या केल्या, त्याच्यासाठी समोरच्या शाहिरानं भर सभेत जवाब मागणं म्हणजे काय? गप्प बसलास तर हरलास. मी त्याचा झब्बा धरायच्या आत धाकू उभा राहिला होता. बहात्तर वर्षांचा माणूस, पण छाती पुढे, उजवा हात कानावर. आणि घसा गेला म्हणून तेहेतीस वर्षं बंद ठेवलेला तो आवाज माइकशिवाय त्या लॉनभर गेला. "जी जी रं जी..."

लोक वळले. सानवी चकित होऊन बघत राहिली. सुजय मात्र जातीचा वाजवणारा. त्यानं एक क्षण ऐकलं आणि काठीनं हलका ठेका धरला. पोरांना वाटलं हे कार्यक्रमातलंच आहे. दिवे लावलेले मोबाइल आमच्याकडे फिरले.

मी मनात म्हटलं, आता हा काय गाणार? आपल्याच सवालाला आपण जवाब द्यायचा नसतो. एकच वाट उरते, उलट सवाल टाकायची. आणि सवाल ज्याला टाकायचा त्याच्याकडे शाहिरानं तोंड करायचं असतं. धाकूनं स्टेजकडे पाठ केली. तो बायकोसमोर उभा राहिला.

*चुलीपाशी बोललो मी, ऐकणारं एक,*
*सावर्ड्याला नेलं कुणी, सांग भुवडांचे लेक!*

पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शिट्ट्या वाजल्या. त्या सगळ्या गोंगाटात आम्ही तिघंच अशी माणसं होतो की ज्यांना कळलं होतं, पस्तीस वर्षं न विचारलेला प्रश्न या माणसानं आत्ता विचारला. हे कळलेलं चौथं माणूस स्टेजवर होतं, सानवी. तिनं माइक बाजूला करून ओठांनीच विचारलं, "आजी, सांगू?"

वहिनीनं मान हलवली, नको. ती उठली. नवऱ्यासमोर उभी राहिली. तिची उंची त्याच्या खांद्याएवढी. आवाज चढवला नाही.

"सवाल नाय नेला मी," ती म्हणाली. "जवाब नेला."

"कुणाचा जवाब?"

"माझा."

धाकूचा कानावरचा हात खाली आला.

"तुमी सवाल म्हटलात, मी भात वाढत व्हते. पान वाढून होईस्तवर मना जवाब सुचला. मी काय करू? सुचला. तुमाला सांगितला असता तर तुमी सवालच टाकला नसता. आठवडाभर पोटात ठेवला. मग माहेरी गेले तेव्हा बाबल्याला म्हणून दाखवला. सवाल काय व्हता ते नाय सांगितलं, शपथ. नुसता जवाब. तो म्हणाला, बारीत असा सवाल आला तर बघू. आणि तुमी तोच टाकलात."

"तुला ठाऊक व्हतं मी टाकणार."

"व्हय," ती म्हणाली. "ठाऊक व्हतं. मना एकदा ऐकायचा व्हता. बायकांत बसले व्हते मी, पेठेतल्या त्या पायरीवर. लोक ओरडले, आणि मना कळेना की हसू का रडू. कारण तुमचं तोंड समोर व्हतं."

वर सानवीनं आणखी वाट बघितली नाही. पोरांचा ओरडा वाढत चालला होता आणि सुजयचा ठेका थांबत नव्हता. तिनं जवाब घेतला. *राख लावी अंगाला जो, त्याला कसली भीती...* गाणं संपल्यावर तिनं सांगितलं, की आजोबांच्या वहीत या दोन ओळींखाली बाकी सगळीकडे असते तशी त्यांची सही नाही. तिथे लिहिलंय, 'मालनने दिलेला जवाब'. ते वाचून तिनं आजीला फोन केला होता. मग माइकवर तिनं नाव घेतलं, मालन धाकू सनगरे, आणि ती दोनेकशे पोरं वळून आमच्या वहिनीसाठी ओरडली. वहिनी घाबरून खाली बसली आणि तिनं पदर तोंडावर ओढला.

धाकू उभाच होता. मी त्याला ओढून बसवलं. उरलेली गाणी त्यानं ऐकली की नाही मला माहीत नाही. शेवटी सानवी खाली येऊन दोघांच्या पाया पडली. तिनं मोबाइलवर वहीच्या पानाचा फोटो दाखवला. धाकूनं चष्मा लावला, फोटो मोठा करायला लावला, शाई एकच आहे का ते बघितलं.

"नंतर लिवलेलं असू शकतं," तो म्हणाला.

"आजोबा!" सानवी म्हणाली.

"तुझा आजोबा फार लबाड व्हता, बाय. पण अक्षर बरं व्हतं." आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ढोलवाल्याला सांग, तिसऱ्या फेरीला घाई करतो."

साडेसात झाले होते. रिक्षा नको म्हणाला, म्हणून आम्ही चालत निघालो. रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या, भेळवाले, जेट्टीकडे जाणारी कुटुंबं. पुढं ती दोघं, मागे दोन पावलांवर मी. मला धाकूच्या पाठीवरून कळत होतं की त्याच्या मनात अजून शंका आहे. फोटो म्हणजे पुरावा नाही. बायको म्हणते म्हणजे पुरावा नाही. त्यानं फळ अजून कापून पाहिलेलं नव्हतं.

वळणावर तो थांबला. वहिनीही थांबली. शाहिराची परीक्षा घ्यायची एकच रीत त्याला माहीत होती. आजूबाजूला कोण आहे ते बघून, अगदी हळू, फक्त तिला आणि मागे मला जेमतेम ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यानं म्हटलं,

*जल्मभर शक्तीच्या घरी शिजवलास तू भात,*
*तुऱ्याला मग दिलीस कशी गुपचूप अशी साथ?*

आणि दोन बोटांनी आपल्याच तळहातावर तोडा वाजवू लागला. तोडा संपेपर्यंतचा वेळ. बारीत मिळतो तेवढाच, जास्त नाही.

वहिनीनं रस्त्याकडे पाहिलं. एक स्कूटर गेली. तोडा अर्ध्यावर आला असेल, तेवढ्यात तिनं खालमानेनं म्हटलं,

*शक्ती थोर म्हणता तुम्ही, नाचता तिच्या नावे,*
*घरातल्या शक्तीनं मग गप्प का बसावे?*

धाकूची बोटं तळहातावर थांबली. मी नाटकात पुष्कळ स्तब्धता पाहिल्या आहेत, काही मी स्वतः धरल्या आहेत, प्रेक्षकांना श्वास घ्यायला विसरायला लावणाऱ्या. ही तशी नव्हती. माणूस आतल्या आत काहीतरी पुन्हा पुन्हा मोजून बघतो आणि दर वेळी तेच उत्तर येतं, तशी ती होती. त्याला सावर्डा आठवला असेल. ट्रंकेचं कुलूप आठवलं असेल. माहेरच्या अंगणात उभा राहून बघितलेलं घड्याळ आठवलं असेल. वहिनी त्याच्याकडे बघायला तयार नव्हती. ती साडीच्या निऱ्या सारख्या करत होती, त्या बिघडल्या नसतानाही.

"चुकलं काय?" शेवटी तिनंच विचारलं.

मी दोन पावलं पुढे आलो. मला दाद द्यायची होती. तोंडून "वा वहिनी!" निघणारच होतं. तेवढ्यात धाकूनं हात आडवा करून मला मागेच थांबवलं, बायकोच्या जवळ गेला आणि म्हणाला, "दुसरी ओळ परत म्हण. पण हळू म्हण, आप्पा ऐकतोय."